डोळ्यांखालच्या पिशव्या : पाणी, चरबी की कातडी?

‘वहिनी, रात्री झोप झाली नाही का?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात पन्नास वेळा तरी ऐकला, असं मिरजेहून एका भगिनीनं लिहिलं आहे. झोप चांगली आठ तास होते. तब्येत ठणठणीत आहे. वय ४६. पण डोळ्यांखाली दोन पिशव्या आल्या आहेत आणि त्या काही केल्या जात नाहीत. काकडीच्या चकत्या झाल्या, बटाट्याचा कीस झाला, तीन तऱ्हेची क्रीमं झाली. आता दोन महिन्यांवर मुलीचं लग्न आलं आहे. नेहमीच्या पार्लरमधल्या बाईंनी सांगितलं, ‘एक इंजेक्शन घ्या, पंधरा मिनिटांत काम!’ बाईंच्या हातात भिशीचे पैसे आलेत. यजमानांना अजून सांगितलेलं नाही. ते म्हणतील, या वयात हे काय नवीन खूळ! म्हणून आधी आपल्याला विचारते, असं पत्राच्या शेवटी आहे.

बरं झालं विचारलंत, ताई. याच विषयावर आणखीही बऱ्याच मैत्रिणींची पत्रं येऊन पडली आहेत, तेव्हा आज सगळ्यांनाच सविस्तर सांगते. मात्र ते पंधरा मिनिटांचं इंजेक्शन हा लेख पूर्ण वाचून होईपर्यंत तरी घेऊ नका.

आधी ही पिशवी कशाची आहे ते पाहू या. आपण सगळ्याच प्रकाराला ‘डोळे सुजलेत’ म्हणतो, पण त्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. एकीचा उपाय दुसरीवर केला तर पैसे तर जातातच, शिवाय कधीकधी दिसायला आधीपेक्षा वाईट होतं.

पहिली गोष्ट पाणी. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिच्याखाली पाणी साठायला वेळ लागत नाही. रात्रभर आडवं झोपलं की चेहऱ्याकडे पाणी उतरतं, सकाळी डोळे फुगलेले दिसतात, आणि उठून कामाला लागलं की दुपारपर्यंत ओसरतात. रडल्यावर येते तीही हीच सूज.

दुसरी गोष्ट चरबी. डोळ्याचं बुबुळ खोबणीत चरबीच्या मऊ गादीवर बसलेलं असतं. ही चरबी पुढे येऊ नये म्हणून तिच्यासमोर एक पातळसा पडदा असतो. वय वाढतं तसा हा पडदा सैल होतो. जुन्या गादीची खोळ विरली की कापूस जसा पुढे डोकावतो, तशी चरबी खालच्या पापणीत पुढे येते. काही घराण्यांत हे तिशीतच दिसतं. आपल्या आईचा नाही तर मावशीचा फोटो काढून बघा, बहुतेक तिथं उत्तर सापडेल. ही पिशवी सकाळ-संध्याकाळ सारखीच असते. झोप झाली काय, न झाली काय, तिला फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट नुसती सुटलेली कातडी. उन्हानं, वयानं, डोळे चोळण्याच्या सवयीनं ती ढिली पडते आणि तिला बारीक चुण्या पडतात.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर खिडकीसमोर आरसा घेऊन बसा. मान सरळ ठेवून फक्त नजर वर छताकडे न्या. चरबीची पिशवी असेल तर ती वर बघताना अधिक ठसठशीत होते, खाली बघितलं की कमी होते. पाण्याची सूज नजर फिरवल्यानं बदलत नाही. मग डोळ्यांखालची कातडी दोन बोटांत अगदी हलकी उचलून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही तर कातडीत ढिलाई आहे. बहुतेकींना पन्नाशीपर्यंत तिन्हींचं थोडंथोडं मिश्रण असतं, कुठली गोष्ट जास्त एवढंच बघायचं. काळी वर्तुळं हा आणखी वेगळा विषय आहे. रंग वेगळा, फुगवटा वेगळा. काळेपणा कधी रंगद्रव्याचा, कधी गालाच्या वरच्या खोलगट भागात पडणाऱ्या सावलीचा असतो. त्याच्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन.

आता पाण्याबद्दल, कारण इथं आपल्या हातात खरोखर बरंच काही आहे. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तेही सगळं मिळून! आपल्याकडे भाजी-आमटीतलं मीठ वेगळं, वर पापड, लोणचं, कुरडई, संध्याकाळी फरसाण. रात्रीच्या जेवणातून नुसतं पापड-लोणचं काढून आठ-दहा दिवस बघा. ज्यांची सूज पाण्याची आहे त्यांना फरक कळतो. आणि उपासाला सैंधव वापरते म्हणून चालतं, असं कृपा करून समजू नका. शेंदेलोण म्हणजेही मीठच, आणि साबुदाण्याच्या खिचडीबरोबर तळलेली पापडी आपण किती सहज घेतो!

झोपताना डोकं थोडं उंच हवं. दोन उशा घेऊन मान मोडण्यापेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवणं बरं. सकाळी स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून, पिळून दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं. काकडीच्या चकत्या, थंड केलेली चहाची पुरचुंडी, फ्रीजमधला चमचा यांचा गुण मुख्यतः गारव्याचाच. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, सूज तासा-दोन तासांसाठी कमी होते. लग्नाच्या सकाळी एवढंही पुष्कळ असतं. काकडी चरबी वितळवते किंवा कातडी आवळते हे मात्र खरं नाही. त्यापेक्षा ती कोशिंबिरीत घाला! लिंबाचा रस, खायचा सोडा, दालचिनी असलं काही डोळ्यांजवळ फिरकू देऊ नका. अर्ध्या मिलिमीटरच्या कातडीला चटका बसायला वेळ लागत नाही आणि तिथला चट्टा आपल्या गव्हाळ रंगावर महिनोन्‌महिने राहतो.

डोळ्यांची सूज ॲलर्जीचीही असते आणि इथं बायकांचं खास दुखणं आहे. केसांना लावायचा काळा रंग, मग तो ‘हर्बल’ किंवा ‘काळी मेंदी’ म्हणून विकलेला का असेना, त्यात पुष्कळदा पीपीडी नावाचं रसायन असतं. डोक्याला रंग लावायचा आणि सुजायचे डोळे, असं होतं. वर्षानुवर्षं तोच रंग चालतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये, ॲलर्जी मध्येच कधीही सुरू होऊ शकते. नखांच्या पॉलिशचंही तसंच. बोटांना काही होत नाही, पण त्याच बोटांनी झोपेत डोळे चोळले जातात आणि पापण्या खाजून लाल होतात. काजळ, कुंकू, कपाळाला लावायचा बाम हेही त्याच यादीतले. डोळे खाजत असतील तर या वस्तू एकेक करून दोन-दोन आठवडे बंद करून बघा. क्रीमच्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी हे करा, फुकटचं आहे.

इथं थोडं थांबून एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. डोळ्यांखालची सूज प्रत्येक वेळी सौंदर्याची बाब नसते. सकाळी डोळे सुजतात आणि पायांवरही बोट दाबलं की खळगा पडतो, लघवीला फेस येतो, असं असेल तर लघवीची आणि रक्ताची तपासणी ताबडतोब करून घ्या, मूत्रपिंडाचा दोष असू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत तर आईनं फार जागरूक राहायला हवं. सकाळी डोळे सुजून उठणाऱ्या मुलाला ‘सर्दीची ॲलर्जी’ म्हणून आठवडेच्या आठवडे थेंब घातले जातात आणि नंतर लघवीतून प्रथिनं जात होती असं निघतं. लघवीची साधी तपासणी स्वस्त असते आणि अर्ध्या दिवसात कळते. वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, केस गळतात, आवाज घोगरा झालाय आणि चेहरा फुगलाय, अशा बाईनं थायरॉईड तपासावा. गरोदरपणात अचानक चेहरा-हात सुजले, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. आणि एकाच डोळ्याला लाल, दुखरी, गरम सूज आली, ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, तिथं शेक-लेप करत बसू नये.

हे सगळं नाही, पिशवी चरबीची किंवा कातडीचीच आहे, अशी खात्री झाली की मग उपचारांचा प्रश्न येतो. क्रीमांपासून सुरुवात करू. कोणतंही क्रीम चरबीची पिशवी घालवत नाही. दुकानदार काहीही सांगो, जाहिरातीतली बाई कितीही हसो! कॅफीनचं क्रीम थोडा वेळ सूज उतरवतं. रेटिनॉल असलेलं क्रीम काही महिने नेमानं लावलं तर बारीक चुण्या थोड्या कमी होतात. ते आठवड्यातून दोनदा, रात्री, मुगाच्या दाण्याएवढं, डोळ्यांखालच्या हाडावर लावायचं, पापणीच्या कडेला नाही. दिवस राहिले असतील किंवा राहायचा विचार असेल तर लावायचंच नाही. उन्हात जाताना सनस्क्रीन आणि गॉगल, हे सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात उपयोगाचं. मूळव्याधीचं मलम डोळ्यांखाली लावण्याची एक टूम मध्येच कुठूनतरी उठते. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडचं मलम डोळ्यांभोवती फार दिवस वापरलं तर कातडी आणखी पातळ होते आणि काचबिंदू-मोतीबिंदूचीही भीती असते. ‘गोरेपणाचं’ म्हणून हातोहात मिळणाऱ्या ट्यूबांतही पुष्कळदा तेच निघतं. २०१८ पासून अशी बरीचशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. तरी ती मिळतात, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊकच आहे.

आता ताईंचं ते इंजेक्शन. पार्लरमध्ये ज्याला ‘फिलर’ म्हणतात ते हायलुरॉनिक ॲसिडचं जेल असतं. पिशवी आणि गाल यांच्यामध्ये जो खळगा पडतो तो भरायचा, म्हणजे पिशवी कमी उठून दिसते, अशी कल्पना. खळगा असलेल्या, कातडी चांगली असलेल्या बाईला जाणत्या डॉक्टरच्या हातून त्याचा चांगला उपयोग होतो, सात-आठ महिने ते वर्ष-दीड वर्ष. पण हे जेल पाणी ओढून घेतं. जिच्या डोळ्यांखाली मुळातच फुगवटा आहे तिला ते दिलं तर फुगवटा वाढतो! वरवर दिलं गेलं तर निळसर झाक दिसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आत डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली आणि जेल आत सरकलं तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचितच घडतं, पण घडलेलं आहे, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. म्हणून हे काम ज्याला रक्तवाहिन्यांची जागा ठाऊक आहे आणि ज्याच्या हाताशी जेल विरघळवणारं औषध तयार आहे अशा डॉक्टरचंच. भुवया कोरणाऱ्या बाई कितीही मायाळू असल्या तरी त्यांच्या हातून डोळ्यांखाली सुई घ्यायची नाही. ताई, तुम्ही ‘नाही’ सांगून टाका. बोटॉक्सचाही पिशवीला उपयोग नाही, उलट खालचा स्नायू ढिला पडून पिशवी जास्त दिसू शकते. पीआरपी म्हणून आपलंच रक्त काढून टोचतात, त्याचा गवगवा मोठा आहे, पिशवीच्या बाबतीत पुरावा तोकडा.

लेझर आणि रासायनिक पील यांनी कातडी थोडी आवळते, चुण्या कमी होतात. मात्र ते उपाय कातडीचे आहेत, चरबीचे नाहीत. आणि परदेशी मासिकातल्या गोऱ्या बाईचा फोटो बघून भुलू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला भाजल्यासारखी इजा झाली की तिथं काळा डाग उठतो. जायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि आपल्यासारख्या रंगाच्या किती बायकांवर त्यांनी हे केलं आहे ते विचारा.

चरबीच्या पिशवीवर टिकाऊ इलाज एकच, शस्त्रक्रिया. तिला ब्लेफॅरोप्लास्टी म्हणतात. नाव ऐकून दडपून जाऊ नका, गोष्ट जुनीच आहे. जर्मनीच्या फॉन ग्रेफेंनी १८१८ साली हा शब्द वापरला तो कर्करोगात गेलेल्या पापण्या पुन्हा घडवण्यासाठी. पापणीच्या आतल्या बाजूनं चीर देऊन चरबी काढायची पद्धत पॅरिसच्या बूर्जे यांनी १९२४ साली लिहून ठेवली. त्याच पॅरिसमध्ये सुझान नोएल नावाच्या एक बाई शल्यविशारद होत्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या लढत होत्या आणि राहत्या घरी चेहऱ्याच्या लहान लहान शस्त्रक्रियाही करत होत्या. १९२६ साली त्यांनी या शस्त्रक्रियेच्या सामाजिक बाजूवर पुस्तक लिहिलं. चेहरा थकलेला, वयस्क दिसतो म्हणून ज्या बायकांची नोकरी धोक्यात येते त्यांचा हा पोटाचा प्रश्न आहे, असं त्यांचं सांगणं होतं. तेव्हा ‘खूळ’ म्हणणाऱ्या यजमानांना नोएलबाईंची गोष्ट जरूर सांगा!

शस्त्रक्रिया दोन वाटांनी होते. कातडी घट्ट असेल आणि फक्त चरबी पुढे आली असेल तर पापणीच्या आतून. बाहेर वण राहत नाही. कातडीही सुटली असेल तर पापणीच्या केसांच्या लगेच खाली बारीक चीर घेऊन चरबी बसवतात आणि जादा कातडी काढतात. तिचा वण काही महिन्यांत नैसर्गिक रेषेत मिसळून जातो. पूर्वी चरबी नुसती काढून टाकत, त्यामुळे पुढे साठीत डोळे खोल गेलेले दिसत. आता पुष्कळ शल्यविशारद ती खालच्या खळग्यात सरकवून बसवतात. पिशवीही जाते आणि खळगाही भरतो. गालाच्या हाडावर आणखी खाली जी सूज लोंबते तिच्यावर मात्र ही शस्त्रक्रिया फारशी चालत नाही, हे आधीच विचारून घ्या.

साधारण तास-दोन तासांचं काम, बहुतेकदा जागा बधिर करून आणि थोडं गुंगीचं औषध देऊन. त्याच दिवशी घरी सोडतात. टाके असले तर पाच ते सात दिवसांनी काढतात. निळे-जांभळे वळ दोन आठवडे तरी राहतात. त्या दोन आठवड्यांत खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही, फरशी पुसणं नाही, नातवंडाला कडेवर घेणं नाही. डॉक्टर ‘विश्रांती घ्या’ एवढंच म्हणतात, पण घरात पोळ्या कोण लाटणार याची व्यवस्था आपणच आधी करून ठेवायची असते. सूज पुरती उतरून खरा चेहरा दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून ताई, लग्न दोन महिन्यांवर असताना हे करू नका. विहिणीसमोर सुजलेल्या डोळ्यांनी उभं राहावं लागेल! लग्न होऊ द्या, पावसाळ्यानंतर निवांत ठरवा.

धोकेही ऐकून ठेवा. डोळे काही आठवडे कोरडे पडतात, खुपतात. कातडी जास्त काढली गेली तर खालची पापणी ओढली जाते आणि डोळ्याचा पांढरा भाग खाली दिसू लागतो, क्वचित पापणी बाहेर वळते, मग पुन्हा शस्त्रक्रिया. फार क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीला धोका पोचतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसात डोळा एकदम ताठरला, फार दुखू लागला किंवा दिसणं कमी झालं तर एक मिनिटही न घालवता रुग्णालयात परत जायचं. ज्या ठिकाणी रात्री फोन उचलायला कुणी नाही तिथं ही शस्त्रक्रिया करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर कोणता? प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. झालेला, नाही तर पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ. पाटीवर ‘कॉस्मेटिक’ लिहिलं म्हणजे पदवी झाली नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर अशा मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे, बाह्यरुग्ण विभागात माफक खर्चात सल्ला मिळतो, रांगेत बसायची तयारी मात्र हवी. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मेडिक्लेम सहसा देत नाही. भूल, शस्त्रक्रियागृह, औषधं आणि नंतरच्या खेपा धरून एकूण किती, ते कागदावर लिहून घ्या. आणि यजमानांना सांगून करा, ताई. परवानगी म्हणून नव्हे, तर औषधाचे थेंब घालायला आणि रात्री गाडी काढायला घरात कुणाला तरी ठाऊक असायला हवं म्हणून. भिशी तुमची, चेहरा तुमचा.

सल्ल्याला जाल तेव्हा चेहरा धुऊन, काजळ-पावडर न लावता जा. पंचविशीतला एखादा फोटो बरोबर न्या, म्हणजे मुळात डोळे कसे होते ते डॉक्टरांना कळेल. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. त्यात ॲस्पिरिन, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या, वैद्यांकडची औषधं सगळं लिहा, कारण यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी दिलेलं ॲस्पिरिन मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब आणि साखर ताजी तपासून न्या. डोळे एरवीच कोरडे पडत असतील तर ते न विचारताही सांगा.